माळढोकाचं बारसं

नीलांबरी साबणेला स्वतःच्याच आवाजाची किळस आली ती एका शनिवारी संध्याकाळी, सोसायटीच्या हॉलमध्ये, पोरांच्या घोळक्यात बसून चिवडा खाताना.

हॉलची समोरची भिंत आता भिंत राहिली नव्हती, ती अख्खीच्या अख्खी पडदा झाली होती. दर शनिवारी ‘हर्षवन’ सोसायटीतली झाडून सगळी पोरं तिथे जमायची आणि ‘प्राणसखा’ बघायची. प्राणी वाचवा, पक्षी वाचवा असं सांगणारा माहितीपट, त्यामुळे आया निर्धास्त. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, वर ज्ञान, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तेवढा वेळ घरात शांतता. हल्लीच्या भागांत माळढोकाची मादी होती. मुलांनी तिचं नाव राणी ठेवलं होतं. भिंतीवर सोनेरी गवत डुलत होतं, राणीचं चार दिवसांचं पिल्लू टोळामागे धडपडत होतं आणि नीलांबरीचा आवाज लाडेलाडे सांगत होता, “पडलं, पडलं. ऊठ रे बाळा, आई बघतेय.”

भिंतीतून हा आवाज येत असताना नीलांबरीच्या तोंडात चिवड्याचा बकाणा होता.

तेवढ्यात उघड्या खिडकीतून एक पतंग आत आला. तळहाताएवढा, तपकिरी, पंखांवर डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेला. तो भिंतीच्या उजेडावर जाऊन बसला आणि पोरांनी एकच किंकाळी फोडली. सगळ्यात मोठी किंकाळी नीलांबरीच्या आठ वर्षांच्या जाईची होती. “ई, घाण. मारा त्याला.”

हीच जाई दोन वर्षांपूर्वी काडेपेटीत सुरवंट पाळायची. गांडुळं हातात घेऊन घरभर हिंडायची.

कुणीतरी चप्पल फेकली. दुसरी चप्पल बरोबर बसली. पतंग खाली पडला, तर एका मुलाने त्याच्यावर पाय देऊन तो चांगला रगडून काढला. त्याच वेळी भिंतीतला आवाज म्हणाला, “इवल्याशा जिवालाही जगायचा हक्क असतो, नाही का?” आणि सगळी पोरं मान डोलावत म्हणाली, “हो.” मग पिल्लाने एक गमतीशीर कोलांटी मारली. पोरं खदखदून हसली. चपलेला चिकटलेला पंख त्या मुलाने सतरंजीला पुसला.

नीलांबरीने तोंडातला चिवडा कसाबसा गिळला.

भाग संपल्यावर शिल्पा प्रभुदेसाई उठल्या. सोसायटीत हळदीकुंकू असो की पाण्याच्या टाकीची सफाई, पुढाकार त्यांचाच. “पुढच्या शनिवारी आपल्या पिल्लाचा बारावा दिवस येतोय,” त्या म्हणाल्या. “बारसं करायचंय. पाळणा माझ्याकडे आहे. घुगऱ्या कोण करणार सांगा. नाव मुलांनी ठरवलंय, झुळूक. आणि आत्या व्हायचं भाग्य मिळालंय आपल्या जाईला.”

जाईचा चेहरा असा काही फुलला की नीलांबरीला पतंगाबद्दल चकार शब्द काढता आला नाही.

*

‘प्राणसखा’ची ही चित्रं रचणारं यंत्र काढलं होतं चांगल्या हेतूने, तेवढं श्रेय द्यायला हवं. माळढोक पक्षी बुजरा. मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि माणसं फार घोटाळायला लागली की ते टाकून निघून जाते. कॅमेरे घेऊन तिच्या मागे लागणं म्हणजे वाचवायला जाऊन मारणंच. त्यावर तोड निघाली ती अशी, की कॅमेराच नको. मादीच्या पाठीवर उन्हावर चालणारी चिमुकली डबी बसवायची. ती तिच्या काळजाचे ठोके, अंगाची ऊब आणि पंखांची हालचाल कळवत राहणार. घरट्याशेजारी खड्यासारखं दिसणारं एक उपकरण ठेवायचं, ते आवाज ऐकणार. ऊन, वारा, गवताची उंची उपग्रह सांगणार. एवढ्या खुणांवरून संगणक चित्र उभं करणार. शेजारच्या खोलीतल्या पावलांवरून आपण नाही का ओळखत, आजोबा उठले, चूळ भरली, आता चहा मागणार? तसंच हे.

पण खुणा काही अखंड मिळत नाहीत. ढग येतात, डबी बंद पडते. अशा वेळी मधली जागा यंत्राने अंदाजाने भरायची, जे घडायचा संभव सगळ्यात जास्त ते दाखवायचं, असं ठरलं होतं. याच यंत्राला आणखी एक काम दिलं होतं. पडद्याच्या वर एक भिंग होतं, त्यातून ते बघणाऱ्या मुलांचे चेहरे वाचायचं. मुलं कंटाळली की गोष्ट पुढे न्यायची, घाबरली की आवरतं घ्यायचं, नाकं मुरडली की विषय बदलायचा. दोन्ही कामं एकाच डोक्यात गेली. यंत्राला खोटं बोलायला कुणी शिकवलं नाही. फक्त मुलं ज्याने हसतात, त्याचाच संभव त्याला हळूहळू जास्त वाटायला लागला.

यातला मराठी आवाज नीलांबरीचा. तिने एका उन्हाळ्यात स्टुडिओत बसून हसून, रडून, कुजबुजून, दटावून आपला आवाज यंत्राला दिला होता. आता यंत्र त्या आवाजात काय वाटेल ते बोलू शकायचं. तिच्याकडे उरलं होतं ते ठरलेल्या मजकुराची मराठी तपासायचं काम. यंत्र लिहायचं, ‘पिल्लाचे अंड्यातून आगमन झाले आहे.’ ती त्याचं करायची, ‘आलं गं बाई पिल्लू बाहेर.’ वाक्य घरच्यासारखं वाटलं की काम झालं. पिल्लू खरंच बाहेर आलं का, हे विचारणं तिच्या कामात नव्हतं, आणि कधी डोक्यातही आलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी उर्मी आली. उर्मी म्हणजे नीलांबरीची धाकटी बहीण. सोलापूरकडच्या कासारीच्या माळावर ती पक्ष्यांचा अभ्यास करायची आणि वर्षातून दोनदा पुण्यात उगवायची. या खेपेला तिच्या हातात झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा डबा होता. तो ओट्यावर ठेवताच सगळ्या स्वयंपाकघरात घाण पसरली.

“हे काय आणलंस बाई?” नीलांबरीने पदर नाकाला लावला.

“तुमच्या राणीचं अंडं,” उर्मी म्हणाली. “लॅबला दाखवायला आणलं होतं. त्यांनी दारातूनच परत पाठवलं. इतकं कुजलेल्यातून काही मिळत नाही म्हणे. फेकून द्यायला माझा हात होईना.”

“राणीचं कसं असेल? तिच्या अंड्यातून पिल्लू आलंय. काल आम्ही...”

“काल तुम्ही काय बघितलं ते मला माहीत आहे, ताई. मीही बघते.” उर्मी खाली बसली आणि तिने पाय पसरले. “राणी मेली. तीन आठवडे होऊन गेले. माळावर विजेच्या आणखी नव्या तारा ओढल्यात. हा पक्षी अंगाने जड, त्याला उडताना समोरचं धड दिसत नाही. तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. मी पोचले तेव्हा कुत्र्यांनी अर्धी खाल्ली होती. उरलेल्यात अळ्या वळवळत होत्या. पाठीवरची डबी मीच सोडवून घेतली. अंडं तसंच उन्हात पडून होतं.”

नीलांबरीला तीन आठवड्यांपूर्वीचा भाग आठवला. घरट्यात अंडं एकटंच दिसत होतं आणि पोरं कावरीबावरी झाली होती. जाई तर रडायच्या बेताला आली होती. मग भिंतीतून नीलांबरीचा आवाज म्हणाला होता, “राणी टोळ टिपायला गेली आहे. येईल एवढ्यात.” आणि थोड्या वेळाने राणी डौलात चालत आली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या नीलांबरीनेही वाजवल्या होत्या.

“तू कुणाला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं ना. फोटो घेऊन वीजखात्याच्या मोठ्या साहेबांकडे गेले. तारा जमिनीखालून न्या म्हणून आम्ही किती वर्षं घसा फोडतोय. साहेबांनी फोटो पालथा घातला, आपला फोन काढला आणि मलाच पिल्लू दाखवलं. म्हणाले, मॅडम, आमची नातवंडं रोज बघतात, पक्षी ठणठणीत आहे. तारा काही आड आलेल्या दिसत नाहीत, उलट बाळबाळंतीण सुखरूप आहेत. वर मला चहा पाजला.” उर्मी हसली, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. “सांगत होता तुझाच आवाज. तुझ्याविरुद्ध मी काय साक्ष देणार?”

त्या दिवशी नीलांबरीला जेवण गेलं नाही. वासाने नाही. वास काय, नाकाला पदर लावून सोसता येतो.

*

सोमवारी तिने कंपनीत फोन लावला. मराठी विभागाचे आशुतोष वर्तक फार अदबशीर गृहस्थ. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, एकदा आम्ही हरणाचं पाडस मेलेलं दाखवलं होतं,” ते म्हणाले. “निम्म्या मुलांनी बघणं सोडलं. मुलंच बघेनाशी झाली, तर उद्या प्राण्यांवर प्रेम कोण करणार?”

“पण पक्षी मेलाय हो.”

“तो पक्षी मेलाय. राणी कुठे मेलीय?” वर्तकांना यात काही वावगं वाटत होतं असं त्यांच्या आवाजावरून तरी जाणवलं नाही. “आणि शेवटी आपण पाटी टाकतो ना, काही दृश्यं कल्पित आहेत म्हणून. तुम्हीच तपासली होती ती. फार सुटसुटीत केली होती तुम्ही.”

नीलांबरीने फोन ठेवला. हात साबणाने धुतले, आणि आपण हात का धुतले असं वाटून परत एकदा धुतले.

राहिली जाई. बाकी पोरांचं त्यांच्या आयांनी बघावं, पण जाई तिची होती. ती आत्याबाई होऊन घरभर मिरवत होती. बाहुलीच्या कानाशी वाकून ‘कुर्रर्र’ करून बघत होती, पाठीत धपाटे बसले तर तोल जाऊ नये म्हणून पाय फाकवून उभं राहायची तालीम करत होती. नीलांबरीने तिला जवळ बसवलं आणि जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. राणी तारेला धडकून मेली. पिल्लू जन्मलंच नाही. भिंतीवरचं सगळं यंत्राने रचलेलं आहे.

जाईने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “तूच तर शनिवारी सांगितलंस, पिल्लाने पहिला टोळ पकडला म्हणून. आता खोटं का बोलतेस?”

“ती मी नव्हते गं. ते यंत्र.”

“आवाज तुझा होता.”

“उर्मीमावशीने राणीला स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. तिचं अंडं आपल्याकडे आहे. बघायचंय तुला?”

“ते बाल्कनीत ठेवलंय ते?” जाईने नाक चिमटीत धरलं. “शी. राणीचं अंडं असं घाण कसं असेल? राणी स्वच्छ असते. फेक ना ते, आई, मला मळमळतंय.” आणि ती बाहुली घेऊन आत निघून गेली.

पोटच्या पोरीला खरं पटवायचं तर कोणत्या तोंडाने, हा प्रश्न नीलांबरीला पडला. तोंड एकच होतं आणि ते केव्हाच खरकटं झालं होतं.

*

शनिवारी हॉल सजला. प्रभुदेसाईंच्या पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली रांगोळी, ताटात घुगऱ्या आणि वाटीत सुंठवडा. पाळण्यात दुकानातून आणलेलं कापडी पिल्लू निजवलं होतं. बायका काठपदराच्या साड्या नेसून आल्या होत्या. भिंतीवर सोनेरी गवतात राणी उभी होती आणि तिच्या पायाशी पिल्लू लोळत होतं. जाईने परकर-पोलकं घातलं होतं. केसांत गजरा माळला होता.

नीलांबरी पिशवी घेऊन आली. पिशवीत डबा, आणि जाई तान्ही असताना शिवलेली कुंची. ती पाळण्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “मुलांनो, जरा ऐका. हे पिल्लू नाहीये. ते कधी जन्मलंच नाही.”

भिंतीतून तोच आवाज, तिच्यापेक्षा मोठा आणि तिच्यापेक्षा गोड, म्हणाला, “चला, चला, आज आपल्या बाळाचं नाव ठेवायचंय ना?”

पोरं खिदळली. त्यांना वाटलं, काकू गंमत करतायत.

“राणी मेली,” नीलांबरी म्हणाली. “तारेला धडकून.”

“बघा कशी ऐटीत उभी आहे राणी,” भिंत म्हणाली.

“किती छान जमतं गं तुला,” शिल्पा प्रभुदेसाई कौतुकाने म्हणाल्या. “एकीकडे तू, एकीकडे ते. आता आटप मात्र, पाळणा म्हणायचाय.”

मग नीलांबरीने बोलणं सोडलं. डबा उघडला, अंडं कुंचीत गुंडाळलं आणि कापडी पिल्लू बाजूला सारून ते पाळण्यात ठेवलं. मुठीत न मावणारं, हिरवट मातकट, त्यावर तांबूस डाग. फोडायचा तिचा विचार नव्हता. पोरांनी एकदा खरं अंडं बघावं, वास आला तर येऊ द्यावा, आणि जाईने विचारावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण डोळे भिंतीकडे आणि नाकं उदबत्त्यांच्या धुराने भरलेली, त्यामुळे बायकांना वाटलं, नीलांबरीने हौसेने खेळण्यातलं अंडं आणलं. त्यांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली.

पाळणा संपला. जाई पुढे झाली. तिने पाळण्यात अंडं बघितलं, एकदा आईकडे बघितलं, तिच्या कपाळावर आठी उमटली. तरी आत्याचं काम टाळता येईना. ती वाकली आणि तिने तोंड उघडलं न उघडलं तोच रिवाजाप्रमाणे मागच्या पोरींनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. आठवडाभराची तालीम फुकट गेली. जाई पाळण्यावर आदळली, पाळणा हिंदकळला, अंडं लाकडी दांडीवर आपटलं आणि फट्कन फुटलं.

तीन-चार आठवडे उन्हात कोंडलेली घाण बाहेर आली. काळपट हिरवं पाणी कुंचीवर, झेंडूवर, जाईच्या पोलक्यावर उडालं. आणि वास असा, की पहिल्या क्षणी कुणाला ओरडताही येईना. मग एकाला ओकारी आली, त्याचं बघून दुसऱ्याला. घुगऱ्यांचं ताट कुणाच्या तरी पायाने उलथलं. बायका पदर नाकाशी धरून खिडक्या उघडायला धावल्या. शिल्पा प्रभुदेसाईंनी मोगऱ्याचा फवारा आणून सगळीकडे मारला, तेव्हा तर मोगरा आणि कुजका वास मिळून असं काही झालं की त्यांनाही तोंड धरून बाहेर पळावं लागलं.

वरच्या भिंगाला नाक नव्हतं. त्याला दिसत होते ते फक्त मुलांचे चेहरे, आणि हॉलमधला एकूण एक चेहरा किळसेने वाकडा झाला होता. यंत्राने त्याचा लावायचा तो अर्थ लावला. मुलांना हा पक्षी आवडेनासा झाला आहे. भिंतीवरची राणी फिकी झाली, पिल्लू धावता धावता विरघळलं, सोनेरी गवताचं निळं पाणी झालं. पाण्यातून पाणमांजराची दोन ओली, गुबगुबीत पिल्लं वर आली.

“बघा, बघा, कोण आलंय,” नीलांबरीचा आवाज म्हणाला.

नाक धरलेली पोरं एकेक करून भिंतीकडे वळली. एक पिल्लू दुसऱ्याच्या पोटावर चढलं आणि धपकन पाण्यात पडलं. कुणीतरी हसलं. पाठोपाठ बाकीची हसली. माळढोकाचं नाव कुणी काढलं नाही. प्रभुदेसाईंची धाकटी तोंड पुसत म्हणाली, “यांचं बारसं कधी करायचं?”

नीलांबरी जाईला घेऊन बेसिनपाशी गेली होती. जाईला दोनदा उलटी झाली. तिचं कपाळ धरून उभ्या असलेल्या नीलांबरीला समोरच्या आरशात स्वतःचं मिटलेलं तोंड दिसत होतं, आणि मागून त्याच तोंडाचं बोबडं बोलणं ऐकू येत होतं. त्या आवाजाला गळा असता तर तिने तो दाबला असता.

जाईने चूळ भरली. गजरा काढून बाजूला ठेवला.

“आई, राणी टोळ टिपायला गेलीय असं तू म्हणाली होतीस.”

“हो.”

“तेव्हा ती मेली होती?”

“हो,” नीलांबरी म्हणाली. ते यंत्र होतं, असं तिने या वेळी म्हटलं नाही.

जाईने नळ बंद केला. मग तिने उपड्या हाताने नाक पुसलं. “आत चोच होती,” ती म्हणाली. “छोटी. मी बघितली.”

ती हॉलमध्ये परत आली, नीलांबरी तिच्या मागोमाग. पाळण्याच्या आसपास कुणी फिरकत नव्हतं. सगळी पोरं भिंतीला पाठमोरी होण्याचं नाव घेत नव्हती. कुंचीवर त्या काळ्या पाण्यात करंगळीच्या पेराएवढं काहीतरी पडलं होतं. मिटलेला फुगीर डोळा आणि चोच. जाईला पुन्हा उमासा आला, तो तिने गिळला.

“आधी तो तुझा आवाज बंद कर,” ती म्हणाली.

नीलांबरीने भिंतीच्या कडेची वायर उपटली. पाणमांजरं विझली, भिंत पांढरी झाली आणि पोरं वैतागून ओरडत एकदम मागे वळली. पतंगाला बघून झाले होते तसेच चेहरे. पण बघायला आता पाळण्यावाचून दुसरं काही नव्हतं.

जाई वाकली. पाठीत धपाटे घालायला या वेळी कुणी पुढे आलं नाही. तिने नाक धरलं नाही. ज्याला कान फुटायचे राहून गेले होते, त्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन तिने कुर्रर्र केलं आणि हळूच नाव सांगितलं.